चक्कर येऊन राहिली

नागपुरात कुणी फिरायला जात नाही, चक्कर मारायला जातो. फिरायला जाणं हे पुण्याचं काम. त्याला टेकडी लागते, बूट लागतात आणि परतल्यावर त्याविषयी बोलायला श्रोता लागतो. नागपूरकर पायात चप्पल सरकवतो आणि मागे न बघताच सांगतो, "एक चक्कर मारून येतो." ती चक्कर कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतची असेल किंवा पार पचमढीची, शब्द बदलत नाही. कचेरीत अडकलेल्या कागदासाठी मारायच्या त्या चकरा. पोरगा रात्री गच्चीवर जाऊन फोनवर कुजबुजायला लागला की त्याचं कुठेतरी चक्कर आहे. (इथे शब्दाचं लिंग बदलतं. प्रेमात एवढं चालायचंच.) एखादा प्लॉट फारच स्वस्तात मिळत असेल तर त्यात काहीतरी चक्कर आहे. आणि मे महिन्यात दुपारी दोनला बर्डीवरून रामदासपेठेत पायी आलात, तर दारात पोचताच जे होतं तीही चक्करच. फक्त ती मारायची नसते, ती येते. किंवा आमच्याकडे म्हणतात तसं, येऊन राहते.

मराठी काही या बाबतीत गरीब नाही. घार घिरट्या घालते, नर्तकी गिरकी घेते, फुलपाखरू भिरभिरतं, डोकं गरगरतं, नदीत भोवरा पडतो आणि अंगणात भिंगरी फिरते. मंगळागौरीला पिंगा आहे, फुगडी आहे. वारीला रिंगण आहे, देवाला प्रदक्षिणा आहे आणि हे सगळं करूनही भागलं नाही तर चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आहे. एवढा माल गोदामात असताना नागपूरकर एका शब्दावर संसार चालवतो. याला कुणी आळस म्हणेल. मी काटकसर म्हणतो.

रामदासपेठेत तर या शब्दाला दिवसभर उसंत नसते. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली मिळून मध्य भारताचं दवाखान्यांचं गाव झालेलं आहे. छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, आदिलाबाद, चंद्रपूर, गडचिरोली, जिथून म्हणाल तिथून माणसं फायली आणि एक्स-रेची पाकिटं काखेत मारून इथे येतात. एक रुग्ण, त्याच्याबरोबर चार नातेवाईक आणि एक गाडी. नातेवाईक आत बाकावर बसतात, रुग्ण त्यांच्या पलीकडे उभा राहतो आणि गाडी सेंट्रल बाजार रोडला वळसा घालत बसते, कारण ती लावायला जागा कुठेच नाही. मी असे ड्रायव्हर पाहिले आहेत की रुग्णाची तपासणी, रक्त, सोनोग्राफी आणि औषधं आटोपेपर्यंत त्यांची चाकं थांबलेली नसतात. रुग्ण बरा होऊन बाहेर येतो तेव्हा तपासण्यासारखी अवस्था ड्रायव्हरची झालेली असते.

सकाळचं दृश्य निराळं. लेंड्रा पार्क, दगडी पार्क असे नावातच पार्क असलेले पत्ते इथे आहेत, त्यामुळे चालण्याची परंपरा जुनी. साठी ओलांडलेली मंडळी पहाटे गोल चालतात. कुठल्या बाजूनं चालायचं यावरून त्यांच्यात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, देव उजव्या हाताला ठेवून चालावं, प्रदक्षिणा तशीच असते. दुसरा पक्ष विचारतो, मधे देव कुठे आहे? मधे तर बोअरवेल आहे. परिणामी निम्मे घड्याळाप्रमाणे चालतात, निम्मे उलटे, आणि प्रत्येक फेरीत एकमेकांना दोनदा नमस्कार घालतात. मग सगळे मिळून तर्री-पोहे खायला जातात आणि चालून जे कमावलं ते तर्रीत बुडवून येतात.

पेठेच्या नावात रामदास असल्यामुळे मला उगाच समर्थ आठवतात. 'सावधान' ऐकताच ते बोहल्यावरून पळाले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे अग्नीभोवतीचे फेरे त्यांनी शिताफीनं चुकवले. पण पुढे बारा वर्षं तप आणि बारा वर्षं भारतभर भ्रमंती. फेरा काही सुटला नाही, मोठा झाला.

तर आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्यापर्यंत हा फेरा आला तो कूलरमधून. नागपूरचा उन्हाळा खिडकीबाहेर बसवलेल्या पत्र्याच्या पेटीवर निघतो. आत पंखा, तळाशी पाणी, पाणी वर चढवायला टुल्लू पंप आणि तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. २३ मे २०१३ या दिवशी इथे ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा नागपूरकर सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नसते, मालकी असते. अशा गावात कूलरच्या टाकीत पहाटे पाणी भरणं ही घरातल्या कर्त्या पुरुषाची संध्या असते. काका पाणी भरायला वाकले, नळी तोंडात धरून ओढली, मान वर केली आणि घर फिरलं.

"अवो, घर फिरून राहिलं," काका खिडकीचा गज धरून म्हणाले.

"फिरू द्या," आतून काकू म्हणाल्या, "पाणी भरा पहिले. नळ जाईल."

नळ गेला आणि घर फिरतच राहिलं, तेव्हा बिल्डिंग जमा झाली. निदान करायला नागपुरात डॉक्टर लागत नाही. डॉक्टर लागतो तो निदान खोटं ठरवायला. तळमजल्याचं मत पडलं ऊन लागलं, खिशात कांदा ठेवत जा. पहाटे पाच वाजता ऊन कुठलं, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या मजल्याचं मत पित्त, तिसऱ्याचं गॅस. कैरीचं पन्हं सर्वानुमते मंजूर झालं. एकानं मानेचा स्पाँडिलायटिस सांगितला, आणि त्याला मान मिळाला, कारण त्याचा स्वतःचा गळपट्टा होता.

डॉक्टर दोन चौकांवर. तिथे पोचायला अर्थात तीन चकरा. त्यांनी काकांना झोपवलं, मान एका बाजूला वळवली, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "व्हर्टिगो." मग नीट समजावलं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात बसवलेल्या. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव हलतो आणि डोकं फिरल्याची खबर मेंदूला जाते. शेजारच्या खोलीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वय झालं, धक्का लागला, किंवा काहीच झालं नाही तरी ते कधीकधी सुटून नळीत शिरतात. मग माणूस स्वस्थ बसलेला असला तरी कान मेंदूला कळवतो की आपण फिरून राहिलो.

"कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे?" काकांनी विचारलं.

"चुनखडीच म्हणा."

काका घरी येऊन सगळ्यांना सांगू लागले की या डॉक्टरनं मला चुना लावला नाही, चुना माझ्या कानात पहिलेपासूनच होता.

उपाय ऐकून मात्र बिल्डिंगचा विश्वास बसेना. गोळ्या जुजबी. खरा उपाय असा की मान पंचेचाळीस अंश वळवायची, तशीच मागे लोंबेल अशी उताणं पडायचं, थोडं थांबायचं, मान दुसऱ्या बाजूला फिरवायची, मग अंग कुशीवर वळवायचं आणि उठून बसायचं. म्हणजे ज्याला गरगरतं त्यालाच पद्धतशीर फिरवायचं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावच्या जॉन एप्ली नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी ही युक्ती १९८० साली मांडली. इतर डॉक्टर त्यांना हसले. त्यांच्या पद्धतीचा मुख्य लेख छापून यायला १९९२ उजाडलं. वाट चुकलेली चुनखडी घरंगळवत आपल्या खोलीत परत न्यायची, एवढंच तत्त्व. एखाद्या आजोबांना गर्दीतून हाताला धरून घरी आणावं तसं. काकांचे कण एका दुपारीच घरी पोचले. पण डॉक्टरांनी काही दिवस वाकू नका, मान झटकू नका असं बजावल्यामुळे काका नवरदेवासारखे ताठ बसून राहिले, आणि रिकाम्या ताठ माणसाकडे घरातली पोरं अभ्यास घेऊन येतात.

त्यांची नात सातवीत. सुट्टीच्या अभ्यासात तिला लुईस कॅरलची 'जॅबरवॉकी' होती. त्यातल्या शब्दांचे अर्थ लिहायचे होते. बाईंचा हेतू उदात्त असणार. पण ज्या कवितेतले कितीतरी शब्द कवीनं स्वतःच्या मनानं बनवले, तिचे अर्थ शब्दकोशात पाहून लिहा म्हणणं हे नागपुरात समुद्रकिनारा शोधायला पाठवण्यातलंच. पोरगी 'गायर' शब्दावर अडली.

"आजोबा, गायर म्हणजे काय?"

काकांनी मला खालून बोलावून घेतलं. मी लिहितो म्हणजे मला सगळे शब्द येत असणार, असा बिल्डिंगचा समज आहे आणि मी तो मोडत नाही.

या शब्दाची गंमत खरोखर पाहण्यासारखी आहे. 'आरशाच्या पलीकडे' जाणाऱ्या अ‍ॅलिसचं पुस्तक १८७१च्या अखेरीस आलं. त्यात भिंतीवर बसलेला अंड्याच्या आकाराचा हम्टी डम्टी अ‍ॅलिसला सांगतो की गायर म्हणजे जायरोस्कोपसारखं गोल गोल फिरणं. जायरोस्कोप तेव्हा नवीन खेळणं होतं. लेऑं फुको यांनी १८५२ साली त्याला हे नाव दिलं; त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं होतं. म्हणजे हम्टी डम्टीचं विज्ञान अद्ययावत होतं. पण हाच कॅरल तेवीस वर्षांचा असताना, १८५५ साली, भावंडांसाठी 'मिशमॅश' नावाचं घरगुती हस्तलिखित काढत असे. त्यात या कवितेचं पहिलं कडवं आहे आणि खाली त्यानं स्वतःच्या हातानं अर्थ दिला आहे: गायर म्हणजे कुत्र्यासारखं खाजवणं.

"एकाच माणसानं दोन अर्थ सांगितले?" पोरगी म्हणाली.

"सोळा वर्षांत माणूस बदलतो," काका ताठ मानेनं म्हणाले.

आणि गंमत अशी की शब्द कॅरलचा नव्हताच. ग्रीकमध्ये कडं किंवा वर्तुळ या अर्थी तो होता, तिथून लॅटिनमध्ये गेला आणि शेक्सपिअर जन्मायच्या आधीच इंग्रजीत पोचला होता. आयर्लंडच्या येट्सनं पुढे त्याच शब्दावर, इतिहास शंकूच्या आकारात गोल फिरतो असं सांगणारा अख्खा ग्रंथ रचला, 'अ व्हिजन'. तो मी उघडून पाहिला आहे आणि त्यावर एप्लीचा उपाय चालत नाही. समुद्रशास्त्रवाले मात्र हा शब्द कामाला लावतात: महासागरांत वारे आणि पृथ्वीचं फिरणं यांच्यामुळे पाण्याचे जे अजस्र मंद फेरे चालतात ते गायर. मोठे असे पाच. एक आपल्या हिंदी महासागरात. उत्तर पॅसिफिकच्या फेऱ्यातून १९९७ साली चार्ल्स मूर नावाचा नावाडी शर्यत आटोपून परत निघाला, तर दिवसच्या दिवस त्याला पाण्यावर प्लास्टिक दिसत राहिलं. कुठकुठे टाकलेलं तिथे येऊन फिरत बसलं होतं.

"आपल्या बिल्डिंगच्या कोपऱ्यासारखंच," काकू म्हणाल्या. त्यांचं तेवढ्या एका वाक्यात समुद्रशास्त्र आटोपलं.

गिरकी आणि गायर कानाला बहिणी वाटतात. पण नुसत्या कानावर विसंबून सोयरीक जुळवायची नसते. ज्याचा कान असा भरवशाचा होता त्याचं काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं. 'सर्कल' तर सरळ परक्या घरातलं. खरी भावकी चक्कर या शब्दाची आहे. चक्कर आला संस्कृत चक्रावरून, चाकही तिथूनच. त्याच मूळ पुरुषाची एक शाखा ग्रीसमध्ये 'कुक्लोस' झाली आणि दुसरी इंग्लंडात 'व्हील'. म्हणजे काकांना कूलरजवळ जी आली ती चक्कर आणि सायकलवाला पंक्चर काढताना बोलतो ते चाक, एकाच वाड्यातलं.

या वाड्यात उशिरा जन्मलेलं एक नामांकित मूल म्हणजे 'सायक्लोन'. ते जन्मलं लंडनला नव्हे, कलकत्त्याला. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक जहाजी कप्तान किनाऱ्यावर उतरला आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या मागे लागला. बुडता बुडता वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जमवायच्या, वारा कुठून कुठे वळला ते नकाशावर मांडायचं. त्याच्या लक्षात आलं की हे वादळ सरळ धावत नाही, वेटोळं घालतं. १८४८ साली त्यानं नाविकांसाठी वादळांचं पुस्तक छापलं, सोबत नकाशावर ठेवून पाहायच्या पारदर्शक चकत्या दिल्या, आणि सापाच्या वेटोळ्याची आठवण करून देणारा ग्रीक शब्द उचलून या वाऱ्याला सायक्लोन म्हटलं. आज टीव्हीवर निवेदक जो शब्द ओरडून सांगतो तो असा एका निवृत्त कप्तानानं टेबलावर बसून घडवलेला आहे.

पिडिंग्टनचं पुढे जे झालं ते नागपूरकराला जवळचं वाटावं. १८५३ साली मातला नदीवर नवं बंदर काढण्याचं घाटत होतं. यानं गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं की तिथे बंदर काढू नका, सायक्लोनसोबत समुद्र आत येईल. निवृत्त माणसाच्या पत्राचं जे होतं तेच झालं. बंदर निघालं, लॉर्ड कॅनिंगच्या नावानं, आणि १८६७च्या वादळात वाहून गेलं. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता, नाहीतर त्यानं दुसरं पत्र लिहिलं असतं.

त्याच १८५३च्या डिसेंबरात इकडे तिसरे रघूजी भोसले वारले आणि ज्या डलहौसीला वादळाचं पत्र वाचायला सवड नव्हती त्याला नागपूर खालसा करायला मात्र लगेच सवड मिळाली. राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. म्हणजे हिशेब असा: आमचे दागिने कलकत्त्याला गेले, आणि कलकत्त्याहून आम्हाला एक शब्द मिळाला, तोही आमच्याच चक्राचा. व्यापारात नागपूर तेव्हापासून कच्चंच.

पण काकांना खरा धक्का बसला तो 'व्हर्टिगो' या शब्दानं. लॅटिनमध्ये वळणं या अर्थाचा जो धातू आहे त्यावरून व्हर्टिगो आणि व्होर्टेक्स. आणि त्या धातूचा सख्खा संस्कृत भाऊ म्हणजे 'वृत्'. त्यावरून वर्तुळ, वृत्त, आवर्त. पूतनेनंतर बाळकृष्णाला पळवायला कंसानं वावटळीचं रूप घेणारा जो राक्षस धाडला त्याचं नाव तृणावर्त, त्यातही तोच. इतकंच काय, वृत्तपत्रातलं वृत्तही तेच, म्हणून लोकमत चौकात आल्यावर थोडं गरगरलं तर घाबरू नये.

"म्हणजे डॉक्टरनं मले सांगितलं काय?" काका म्हणाले, "का तुमच्या डोक्यात वर्तुळ आहे?"

"साधारण तसंच."

"हे तं मी पाच वाजता काकूले फुकट सांगितलं होतं."

मेच्या शेवटी नवतपा लागला. दुपारी रस्त्यावर माणूस नाही, पानठेल्यावर ओलं पोतं टाकलेलं. अशा वेळी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर वावटळ उठते. जमीन तापून तिच्यावरची हवा वर उसळते, तिच्या जागी आजूबाजूची धावत येते, येताना थोडी तिरकी येते आणि वर चढताना आवळत जाऊन गर्रकन फिरायला लागते. धूळ, वाळकी पानं, एखादी पन्नी, कुणाचं तरी दवाखान्याचं बिल, सगळं तिच्यासोबत दोन मजले चढतं. आमच्या लहानपणी तिच्यात भूत असतं म्हणत. आता प्लॉट एवढा महाग झाला आहे की भुताला परवडत नाही.

पोरीनं काचेतून पाहत विचारलं, ही कुठल्या बाजूनं फिरते? प्रश्न बरोबर होता. पिडिंग्टनच्या वादळांना पृथ्वीच्या फिरण्याचा धाक असतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला ती नेहमी घड्याळाच्या उलट फिरतात. वावटळ इतकी लहान असते की पृथ्वी तिला विचारत नाही. एक उजवीकडे फिरते, पुढची डावीकडे. काका ताठ बसूनच खिडकीकडे वळले, मान न वळवता, सगळे खुर्चीसकट, आणि त्यांनी निकाल दिला की ही चालणाऱ्या मंडळींपैकी दुसऱ्या पक्षाची आहे.

राहता राहिला अभ्यास. दोनपैकी कुठला अर्थ लिहायचा? मी हम्टी डम्टीचा सुचवला. सगळ्या गाइडांत तोच असतो. काकांनी तो फेटाळला. लेखक तेवीस वर्षांचा असताना घरच्यांना जे सांगतो ते खरं, पुढे प्रकाशक आल्यावर तो काहीही सांगेल, असं त्यांचं मत पडलं. पोरीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: गायर म्हणजे कुत्र्यासारखं खाजवणं. विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर ती वही दप्तरात गेली आणि काकांची मान सुटली.

जुलैत वही तपासून आली. त्या उत्तरासमोर बाईंनी लाल शाईनं भलं मोठं शून्य काढलं होतं. पोरगी रडवेली झाली. काकांनी चष्मा चढवला, वही लांब धरली, जवळ धरली, मग बोटानं ते शून्य एकदा सावकाश गिरवलं.

"रडतं काऊन?" ते म्हणाले. "पाहा, बाईलेही अर्थ माहीत आहे. फक्त चित्र काढून सांगितला."